नगर जिल्ह्याचें पाऊसमान

कोणत्याही जिल्ह्याच्या पावसाची चौकशी केली म्हणजे उत्तरादाखल एक आंकडा मिळतो, आणि तो मिळाला कीं विचारणाऱ्याचें समाधान होतें. अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या जिल्ह्याचा, हा आंकडा वर्षाला सुमारें ५५० ते ६०० मिलिमीटर, जुन्या मापानें बावीस-तेवीस इंच, असा सांगण्यांत येतो. आंकडा खोटा नाहीं. परंतु त्यावर विसंबून चालत नाहीं. एका घरांत थोरल्या भावाच्या ताटांत पक्वान्न आणि धाकट्याच्या ताटांत कोरडी भाकर असेल, तर दोन्ही ताटांची सरासरी काढून धाकट्याची भूक भागत नाहीं. नगर जिल्ह्याचें पाऊसमान समजून घ्यावयाचें तर या सरासरीला तीन प्रश्न विचारावे लागतात : पाऊस कोठें पडतो, केव्हां पडतो, आणि पडलेल्यांतला राहतो किती? या जिल्ह्यांतील सुकाळ-दुष्काळ आणि पाण्यावरून होणारे तंटे हे सारे या तीन प्रश्नांच्या पोटांत आहेत.

पहिला प्रश्न कोठें हा. सुमारें १७,००० चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा असून त्याचे चौदा तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीची ऐन धार आहे. राज्यांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, येथेंच आहे, आणि हरिश्चंद्रगडही येथलाच. तेथून जमीन पूर्वेकडे उतरत जाते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटरांवर वसलें आहे. उत्तरेकडचें पाणी प्रवरा व मुळा या नद्या गोदावरीस नेतात, दक्षिणेकडचें पाणी घोड व सीना या भीमेस नेतात. आतां नकाशावर अकोले तालुक्यांतील घाटघरापासून संगमनेरपर्यंत एक सरळ रेघ ओढावी. ती जेमतेम साठ किलोमीटर भरेल. या रेघेच्या पश्चिम टोकास चांगल्या वर्षीं पांच हजार मिलिमीटरच्या घरांत पाऊस पडतो, म्हणून घाटघरास नगर जिल्ह्याचें चेरापुंजी म्हणतात. पूर्व टोकास संगमनेरला पांचशें मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरें गेलें असें मानतात. मोटारीनें दोन-अडीच तासांत जो प्रवास होतो, तेवढ्यांत पाऊस दहापटीनें घटतो.

असें कां व्हावें? स्वयंपाकघरांतला एक अनुभव येथें उपयोगी पडेल. भाताच्या पातेल्यावरचें झांकण उचलून पाहिलें तर त्याच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. हवेंत मिसळलेली वाफ डोळ्यांना दिसत नाहीं. ती थंड झांकणास लागली कीं तिचें पाणी होतें. जूनपासून अरबी समुद्रावरून येणारे वारे अशीच वाफ घेऊन कोंकणांत शिरतात. पुढें सह्याद्रीची भिंत उभी असल्यानें त्यांना वर चढावें लागतें. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते, आणि फुगतांना थंड होते. ओली हवा दर किलोमीटर चढणीस सुमारें पांच-सहा अंशांनीं निवते. म्हणजे येथें झांकणाचें काम उंचीच करते. वाफेचें पाणी होऊन घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. तीच हवा माथा ओलांडून पूर्वेकडे उतरूं लागली म्हणजे उलट क्रिया घडते. उतरणारी हवा दाबली जाते व तापते, आणि तापलेल्या हवेंत ढगांतले जलबिंदु पुन्हा विरून जातात. या पट्ट्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आषाढांत संगमनेर, पारनेर किंवा श्रीगोंद्याच्या माणसास ढग दिसत नाहींत असें नाहीं. ते दिसतात, डोक्यावरून घाईनें पूर्वेकडे जातात, वारा सुटतो, थोडी भुरभुर होते आणि अंगण पुन्हा वाळतें. डोंगराआड पुरें आलेले असतां डोंगराअलीकडे पेरण्या खोळंबलेल्या, हा देखावा येथें नवा नाहीं.

या छायेला शेवटही आहे. डोंगरापासून जसजसें दूर जावें तसतसा तिचा जोर ओसरतो. म्हणून कोपरगांव-संगमनेरच्या बाजूस पाऊस सर्वांत थोडा, आणि आग्नेयेस जामखेडकडे तो पुन्हा कांहींसा वाढतो. तेथें बालाघाटाचे डोंगर आहेत, आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या ढगांचा वांटाही त्या भागास थोडा अधिक मिळतो. एकाच जिल्ह्यांत अकोल्याच्या डोंगरांत भाताचीं खाचरें व सदाहरित रानें आहेत, आणि कर्जत तालुक्यांत रेहेकुरीच्या गवताळ माळावर काळविटांचे कळप चरतात. घाटघरच्या धुक्यांत व चिखलांत हें मोकळ्या माळावरचें जनावर रमणार नाहीं.

दुसरा प्रश्न केव्हां हा. तो दोन प्रकारांनीं विचारावा लागतो : वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, आणि शतकाच्या कोणत्या वर्षांत. कोंकणांत व घाटावर जुलै हा पावसाचा राजा. नगरच्या पठारावर तसें नाहीं. येथें जूनमध्यें मृगाच्या वळवासारख्या सरींनीं आरंभ होतो, जुलै-ऑगस्टांत हात आंखडतो, आणि वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरांत येतो. याचें कारण वरच्या विवेचनांतच आहे. जुलैंत पश्चिमेचे वारे ऐन जोरांत असतात, तेव्हां पर्जन्यछायाही ऐन दाट असते. सप्टेंबरांत ते वारे मंदावतात, दुपारच्या उन्हानें तापलेली जमीन गडगडाटी ढग उभे करते, आणि बंगालच्या उपसागरांत उठलेले कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून ओलावा आणतात. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मृग-आर्द्रा बाजरीच्या, आणि उत्तरा-हस्त ज्वारीच्या. १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा नक्षत्र लागतें व २७ च्या सुमारास हस्त. या चार आठवड्यांवर जिल्ह्याच्या दक्षिण भागाची भाकर अवलंबून असते.

हें अवलंबणें कसें, तें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. रबीची ज्वारी पेरली जाते ती पावसाळा सरत असतां, आणि वाढते ती कोरड्या हिंवाळ्यांत. तिला आकाशांतून पाणी जवळजवळ मिळतच नाहीं. ती पिते तें जमिनींत सांठवलेलें पाणी. एक मीटर खोलीच्या काळ्या जमिनींत पिकास उपयोगी पडेल असें दीडशें ते दोनशें मिलिमीटर पाणी मावतें. ही जमीन म्हणजे शेतकऱ्याचा रांजण. सप्टेंबरच्या पावसानें रांजण भरला तर मालदांडीचें कणीस दाण्यानें भरतें. माथ्यावरच्या मुरमाड जमिनींत हा रांजण लहान, म्हणून तेथें तेवढ्याच पावसांत पीक लवकर सुकतें. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठानें हलक्या, मध्यम व खोल जमिनींसाठीं ज्वारीचे निरनिराळे वाण काढले आहेत, ते याच विचारानें. एकंदर पाऊस सरासरीइतका होऊनही तो सारा जुलैंत पडला आणि उत्तरा-हस्त कोरडीं गेलीं, तर कागदावर वर्ष चांगलें दिसतें व घरांत कणगी रिकामी राहते. १८७६ सालीं दख्खनेंत असेंच झालें. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळांतल्या भुकेल्या लोकांकडून मातीकाम करवून घेतलेला दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. नगर शहरावरून जाणाऱ्या आगगाडींत बसलेल्या किती जणांना ठाऊक असतें कीं ती भरावाची माती दुष्काळग्रस्तांनीं वाहिलेली आहे?

आतां कोणत्या वर्षीं, हा प्रश्न. १८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९००, १९१८, १९७२, २०१२, २०१५, २०१८ : हीं दख्खनच्या अवर्षणाचीं ठळक वर्षें. यांत कांहीं नियम आहे काय? हा प्रश्न १८७५ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हवामानखात्यास जन्मतःच पडला, कारण पुढच्याच वर्षीं तो दुष्काळ आला. खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यानें हिमालयावरील बर्फाशीं पावसाचा संबंध लावून पाहिला. पुढें १९०४ ते १९२४ पर्यंत खात्याचा प्रमुख असलेला गिल्बर्ट वॉकर यानें जगभरच्या नोंदी गोळा केल्या, आणि त्यास असें आढळलें कीं पॅसिफिक महासागरावरील हवेचा दाब व हिंदी महासागराच्या बाजूचा दाब हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे वर-खालीं होतात. १९६० नंतर जेकब बर्कनेस या शास्त्रज्ञानें या हेलकाव्याचा संबंध दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडील समुद्र तापण्याशीं जोडला. यासच एल निनो म्हणतात. १८७७, १८९९, १९१८, १९७२ व २०१५ हीं सारीं एल निनोचीं वर्षें. यावरून एल निनो आला कीं दुष्काळ ठरलेला, असें मात्र कोणीं समजूं नये. १९९७ सालीं एल निनो अत्यंत बलवान् असतांही देशांत पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच झाला. उलट २०१२ सालीं बलवान् एल निनो नसतांही नगर जिल्ह्यांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. एल निनो हा धोक्याचा इशारा आहे, निकाल नव्हे.

१९७२ च्या दुष्काळांत मात्र एक नवी गोष्ट घडली. धान्य महाग झालें, विहिरी आटल्या, पण १८७७ सारखीं माणसें मेलीं नाहींत. गांवोगांव रस्ते, पाझर तलाव व नालाबांध यांचीं कामें निघालीं, आणि त्या अनुभवांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेंतली रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि पुढें २००५ च्या राष्ट्रीय कायद्यास तिचाच आदर्श मिळाला. पाऊस माणसाच्या हातीं नसतो. पाऊस न पडल्यावर काय होऊं द्यावयाचें, हें पुष्कळसें माणसाच्या हातीं असतें.

शतकांहून लांबची दृष्टि टाकावयाची असेल तर तिचें साधनही याच जिल्ह्यांत आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे या गांवीं १९५० च्या सुमारास उत्खनन झालें, आणि तेथें सांपडलेल्या तांबड्या मडक्यांवरून दख्खनच्या एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस जोर्वे हेंच नांव पडलें. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें तीच संस्कृति मोठ्या वस्तीच्या रूपानें आढळली. १९७४ सालीं तेथें सांपडलेल्या कांस्याच्या रथ, हत्ती, गेंडा व रेडा या मूर्ति जगप्रसिद्ध आहेत. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास या वस्त्या ओस पडूं लागल्या. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें ही संस्कृति आणखी कांहीं शतकें टिकली. तेथील लोकांनीं पुराचें पाणी अडविण्यास बांध घातला व पाट काढला होता. तरीही शेवटीं शेवटीं चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या आणि शेतीपेक्षां पशुपालनावर व शिकारीवर भर वाढला. उत्खनन करणाऱ्यांपैकीं म. के. ढवळीकर यांचें मत असें कीं वाढती कोरडी हवा हें या ऱ्हासाचें मुख्य कारण होय. हें मत सर्वांस मान्य असो वा नसो, या खोऱ्यांतील माणूस तीन हजार वर्षांपूर्वींही पाटबंधाऱ्याच्या विचारांत होता, एवढें तर निश्चित.

अलीकडे पाऊसमान बदललें आहे काय, असें पुष्कळ लोक विचारतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून २०१८ पर्यंत भारतांतील हवेचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें, हें मोजमापानें ठरलेलें आहे. तापलेली हवा अधिक वाफ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. मध्य भारताच्या पट्ट्यांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळांत जवळजवळ तिपटीनें वाढल्या, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. म्हणजे एकंदर पाऊस तितकाच राहूनही त्याचे दिवस कमी व सरी दांडग्या होऊं शकतात. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाडा, सोलापूर व नगर जिल्ह्याचा पूर्व-दक्षिण भाग यांनीं हें भोगलें. ज्या महिन्याची शेतकरी वाट पाहतो त्याच महिन्यानें उभीं पिकें व पिकांखालची माती वाहून नेली. सरासरी त्या वर्षीं ओलांडली गेली; पण त्यानें कोणाची कणगी भरली नाहीं.

येथें तिसरा प्रश्न येऊन ठाकतो : पडलेल्या पाण्यांतलें राहतें किती? या कोरड्या हवेंत वर्षभरांत उघड्या पाण्याची जी वाफ होऊं शकते ती पावसाच्या तिपटीच्या घरांत जाते. म्हणून पाणी उघड्यावर न ठेवतां जमिनींत मुरविणें हें शहाणपणाचें. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. चारशें मिलिमीटर पडला तर चाळीस लाख लिटर. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवीं हा हिशोब दरवर्षीं ग्रामसभेंत मांडला जातो. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गांवानें डोंगरउतारावर चर खणले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली, शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास मनाई केली, आणि ऊंस व केळीं यांना रजा दिली. पाऊस कमी झाला तर पिकेंही कमी पाण्याचीं घ्यावयाचीं, असा तेथील रिवाज पडला. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धींतही १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें बंधारे व चर यांचें काम झालें होतें. या दोन गांवांवर कांहीं वेगळे ढग येत नाहींत. शेजारच्या गांवांवर पडतो तोच पाऊस त्यांच्या शिवारांत पडतो. फरक आहे तो राहण्यांत.

जें गांवाचें तेंच जिल्ह्याचें. घाटघर-रतनवाडीचा पाऊस अडवून १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊंस उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढें राहुरीजवळ मुळा धरण झालें. अशा रीतीनें कमी पावसाचा उत्तर भाग पाण्यानें श्रीमंत झाला, आणि त्याहून थोडा बरा पाऊस असलेले कांहीं दक्षिणेकडील तालुके तहानलेले राहिले. गोदावरीचें पाणी मात्र येथेंच संपत नाहीं. खालीं पैठणास जायकवाडीचें धरण मराठवाड्याची वाट पाहत असतें. पाऊस चांगला झाला कीं कोणी कोणास विचारीत नाहीं. अवर्षणाच्या वर्षीं वरचे म्हणतात, आमचें पीक जळतें. खालचे म्हणतात, आमचे घसे कोरडे आहेत. दोघांचेंही खरें असतें. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावें, असें राज्याच्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें २०१४ सालीं ठरविलें. २०२३ च्या अपुऱ्या पावसाळ्यानंतर असें पाणी सोडावेंही लागलें, आणि त्यावरून दोन्ही बाजूंस असंतोष झाला. या भांडणास सरासरीचा आंकडा उत्तर देऊं शकत नाहीं. कोणत्या तारखेस कोठें किती पाणी आहे, याची चोख नोंद व तिच्यावर दोघांचा विश्वास, एवढेंच तें भांडण आंवरूं शकतें.

म्हणूनच पर्जन्यमापकाचें साधें भांडें हें या जिल्ह्यांत फार महत्त्वाचें ठरतें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतलें पाणी मोजून आंकडा लिहावयाचा, इतकेंच तें काम. परंतु चोवीस तासांत महसूल मंडळांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे ती अतिवृष्टि, आणि मदतीचा विचार तीवरून, असा सरकारी प्रघात असल्यानें भांडें एका गांवीं व ढगफुटी शेजारच्या शिवारांत झाली तर शेतकऱ्याचें नुकसान कागदावर उमटतच नाहीं. मापकें जितकीं दाट, तितका न्याय जवळ. प्रत्येक शाळेच्या अंगणांत असें एक भांडें असावें, आणि मुलांनीं त्याची वही वर्षानुवर्षें चालवावी, यास खर्च थोडा आणि उपयोग पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दहा-वीस वर्षांनीं तीच वही गांवाला सांगेल कीं आपली उत्तरा कितीदां बरसली व कितीदां हुकली, आणि पेरणीची व पाणीवांटपाची बैठक त्या वहीवर बसेल.

शहरांतील घरांत नळ सोडतांना हा विचार सहसा मनांत येत नाहीं. पण नगर शहराच्या नळाला येणारें पाणी मुळा धरणाचें, आणि मुळेचें पाणी हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांतलें. शंभर किलोमीटरांवरच्या दुसऱ्या पावसावर हें शहर जगतें. तेव्हां यंदा पाऊस किती झाला, असें कोणीं विचारलें तर एका आंकड्यावर समाधान मानूं नये. कोठें झाला, केव्हां झाला, आणि राहिला किती, हें पुढें विचारावें. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें वारा आणि डोंगर देतात. तिसऱ्याचें उत्तर देणें माणसांकडे आहे.